‘काही नाही गं’ म्हणणाऱ्या मीनलताईला

प्रिय मीनलताई,

नितीन सकाळी चाकणला शिफ्टला निघतो तेव्हा बाहेरून कुलूप लावून जातो. बेल वाजली तर मी प्लास्टरातला पाय ओढत दारापर्यंत जाऊ नये म्हणून. नवऱ्याची काळजीच आहे ती. पण कुलूप लागल्याचा आवाज आला, की तो परत यायला किती तास उरले ते मी मोजायला लागते. पुनावळ्याच्या या सातव्या मजल्यावरून हायवे दिसतो, सगळं जग कुठेतरी चाललेलं, आणि मी पलंगावर! आज कुणाशी तरी बोलावंसं वाटलं, आणि तूच आठवलीस. तुझ्यावर रागावलेय, म्हणूनही असेल.

सायकल शर्यतीचं सांगते. आपण चौघींनी संघ म्हणून नाव दिलं होतं, आणि संघातली तिसरी जण पोचेल तीच संघाची वेळ धरायची. तू गेलीस, उरलो तिघी: पूजा, शाहीन आणि मी. एकीनेही सोडलं तर संघच बाद. पूजा म्हणाली, “ताईसाठी जायचंच.” त्यावर नाही कोण म्हणणार?

निघोज्याच्या पुढे शाहीनचं मागचं चाक पंक्चर झालं. बाकीच्या सायकली भराभर पुढे निघून गेल्या. एरवी दुकानात मीटरभर कापड सरळ फाडणाऱ्या शाहीनचे हात इतके कापत होते, की टायर सुटेना. तू शाळेत वर्गातल्या पोरांशी बोलायचीस ना, तशा आवाजात मी म्हटलं, “आधी पाणी पी. मग चाक.” पूजाने सायकल धरली, मी टायर सोडवला, शाहीनने ट्यूब बसवली. कुणी कुणावर चिडलं नाही. चाक फिरलं तेव्हा काय हसलो आम्ही! तू हवी होतीस गं.

पुढच्या वळणावर वाळू सांडलेली होती. मी पडले. घोट्यात कट्‌ झालेलं मी ऐकलं, ताई.

दोघी मागे वळून आल्या. “खरं सांग, लागलंय का?” शाहीनने विचारलं.

“काही नाही गं. मुरगळलाय.”

“तुला टाकून मी न्हाई जायची,” पूजा म्हणाली.

“टाकतंय कोण? येतेय ना मी!” मी हसून म्हटलं.

हसून! कुणाकडून शिकले मी हे? सरावाच्या वेळी रावेतच्या चढावर तू पांढरीफटक पडून थांबली होतीस. “अ‍ॅसिडिटी गं,” म्हणालीस, आणि आम्ही विश्वास ठेवला. तेव्हा तुझे उपचार सुरू होते! आम्हाला कळलं तेव्हा तुला बोलताही येत नव्हतं. का असं केलंस? घाबरलो असतो, रडलो असतो, पण तुझ्याजवळ असतो ना?

उरलेला रस्ता मी एका पायाने ओढला. वारा अडवायला पूजा पुढे, पाठीवर हात ठेवून ढकलायला शाहीन बाजूला, आणि मध्ये मी. ‘थांबा’ म्हटलं तर दोघींची शर्यत संपणार. तोंड उघडायचे आणि मिटायचे. इतकी माया दोन्ही बाजूंनी, आणि त्यातून बाहेर पडायला वाट नाही!

आम्ही शेवटून दुसऱ्या आलो. मला सायकलवरून उचलून उतरवावं लागलं. हाड सरकलं होतं, ऑपरेशन झालं. “लगेच थांबला असतात तर नुसत्या प्लास्टरवर भागलं असतं,” डॉक्टर म्हणाले.

शाहीन माझ्या खाटेपाशी रडली. “माझा हात तुझ्या पाठीवर होता, वृषाली. आणि तू मला कळू दिलं नाहीस.”

हेच तर मला तुला म्हणायचं होतं.

आत्ता, हे लिहिता लिहिता शाहीनचा फोन आला. कशी आहेस, तिने विचारलं. ‘मस्त’ अगदी ओठावर आलं होतं. मग म्हटलं, “दुखतंय गं. आणि कोंडल्यासारखं होतंय. येतेस?”

ती म्हणाली, “दुकान बंद करते. चाकणला जाऊन नितीनकडून किल्ली घेते, आणि येते.”

ताई, तुझा शांतपणा मी सोडणार नाही. पण ज्यांचा हात माझ्या पाठीवर आहे, त्यांच्यापासून दुखणं लपवायला तो यापुढे वापरणार नाही. शब्द देते.

तुझ्यावर रागावलेली, तुझीच,
वृषाली