आरशातली शेवटची ओळ

१२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, नोटीसच ती. दोन आठवड्यांच्या कामाला दोन महिने कसे लागतात असं विचारतेस, आणि वर लिहितेस की फोनवर मी ऐकत नाही, नुसता बोलतो, म्हणून लेखी उत्तर हवं. घे लेखी.

मागे तेल गळतंय म्हणून तू गाडी दिलीस. कुणीही गॅरेजवाल्याने दोन सीलं बदलून ती तुझ्या दारात आणून लावली असती. मी तसलं काम करत नाही. मागचा अख्खा धुरा उतरवला, त्यातली दातेरी चाकांची पेटी, डिफरन्शियल, उघडली, दात कुठे घासतात ते रंग लावून पाहिलं, बेअरिंगं नवी घातली. आता धुरा उतरवलाच आहे तर शाफ्टही बघून घ्यावा म्हटलं. शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब लोखंडी नळा, गाडीच्या पोटाखाली फिरतो तो. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तू त्याला दांडा म्हणशील.

बरं झालं पाहिला. त्याच्या दोन्ही टोकांना चार हातांचे सांधे असतात, आम्ही त्यांना क्रॉस म्हणतो. मागच्या क्रॉसच्या वाट्या काढल्या तर आत ग्रीसऐवजी विटकरी भुकटी! बारीक सुयांसारखी बेअरिंगं त्यात गंजून बसलेली. दोन्ही क्रॉस नवे आणले. पहिल्या दुकानदाराने नकली माल दिला होता, तो त्याच्या गल्ल्यावर ठेवून आलो. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांना पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या होत्या. जसा निघाला तसाच बसला पाहिजे. मला कुणी शिकवलं नाही, पण खूण केल्याशिवाय मी बोल्टला हात लावत नाही.

आता भाऊजींचा एक नमुना ऐक. शाफ्टच्या मागच्या टोकाला त्यांनी पाण्याच्या नळीला लावतात तसल्या दोन क्लिपा आवळून ठेवल्या होत्या. नळी नाही, काही नाही. टकलावर कंगवा खोचावा तशा नुसत्या क्लिपा. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, पण चष्म्याच्या काड्या वाकवणाऱ्याने गाडीखाली शिरू नये, हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणत असे. क्लिपा काढल्या. त्यांच्या शेजारी जुन्या वेल्डिंगचा एक डाग होता, तोही घासून सपाट केला आणि वर काळा रंग मारला. आता बघ त्याच्याकडे, पोटाखाली लपवायला जीव होत नाही.

हाताला ग्रीस आहे, अक्षराला हसू नकोस. लोभ मात्र घासूनपुसून लहान करू नये, आहे तसाच राहू द्यावा.

तुझा,
धाकटा

१६ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून गाडीबद्दल भरपूर कळलं, फक्त ती कधी मिळणार तेवढं कळलं नाही.

दर गुरुवारी मी टेकडीवरच्या वृद्धाश्रमात चष्मे घेऊन जाते, हे तुला ठाऊक आहे. तुझे भाऊजी जात तेव्हापासूनचा हा नेम. भिंगांची पेटी तुझ्या हत्यारांच्या पेटीएवढी. गेल्या गुरुवारी ती घेऊन बसने निघाले. कंडक्टरने विचारलं की बाई, आत काय लोखंड आहे का? वळणावर पेटी आडवी झाली आणि निम्मी भिंगं सीटांखाली. शेजारचा एक भला माणूस गुडघ्यावर बसून ती वेचत होता आणि मी रडायचं की हसायचं ते ठरवत होते. वर पोचले तर एक आजोबा चष्म्याची काडी दोऱ्याने कानाला बांधून माझी वाट बघत बसलेले.

लेकीने गाडीला गिऱ्हाईक आणलंय. तिचं म्हणणं, आई, आता पुरे झालं. मी तिला शब्द दिलाय: या महिन्याच्या शेवटच्या रविवारी गाडी नीट चालली तर माझी, नाहीतर त्या गिऱ्हाइकाची. आणि गाडी गेली की टेकडीची फेरीही बंद, कारण बसने ती पेटी माझ्याच्याने पुन्हा नेववणार नाही.

तेव्हा तुझा तो दांडा (हो, दांडाच!) पोटाखाली घाल आणि गाडी चालव. तो कुणी दिवाणखान्यात मांडणार नाहीये.

इथे लोभ आहे, धीर मात्र संपत आलाय.

तुझी,
ताई

२३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गाडी चालली. तेलाचा एक थेंब गळत नाही. मागून आवाज नाही. आणि काटा साठावर गेला की अख्खी गाडी हिवताप आल्यासारखी थरथरते.

माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. शाफ्ट पुन्हा उतरवला. बसवताना वाटीत एखादी सुई आडवी पडते, म्हणून दोन्ही क्रॉस परत उघडले. एकही आडवी नाही. खुणा तपासल्या, जुळतात. शाफ्ट फिरवून गेज लावला. सरळ आहे, तुझ्या स्वभावापेक्षा सरळ. चाकं दुसऱ्या गाडीची लावून पाहिली. गिअरबॉक्सखालचं रबर बदललं. पुन्हा रस्त्यावर. पन्नासपर्यंत शहाणी, साठाला अंगात येतं. आरशात मागचा ट्रक दिसतो की हत्ती, तेही सांगता येत नाही.

ज्याने क्रॉस विकले त्याच्याशी भांडून झालं. टायरवाल्याशी भांडून झालं. काल गाडीशी भांडत होतो तर बायको दारात उभी राहून म्हणाली, जरा हळू, तिला घरी जायचंय, तुमचा राग घेऊन जाईल. या घरात मला समजून घेणारं फक्त ते मांजर आहे, आणि तेही बोनेटवर झोपतं.

मनाविरुद्ध लिहितो. अशी गाडी मी टेकडीच्या रस्त्यावर तुझ्या हाती देणार नाही. थरथरणारा शाफ्ट आज ना उद्या सांधा तोडतो, आणि वळणावर तोडला तर पुढचं लिहवत नाही. रविवार जवळ आला. लेकीचं ऐक, देऊन टाक. इतकी वर्षं या हातांनी उघडलेलं काही नीट मिटलं नाही असं झालं नव्हतं. ते तुझ्याच गाडीच्या वाटणीला आलं.

रागावलीस तरी चालेल. लोभ तेवढा त्या गिऱ्हाइकाला देऊ नकोस.

धाकटा

२५ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, आणि एक कानउघाडणी.

त्या क्लिपा कुठे आहेत?

तुझं पत्र मी दुकानात वाचत होते. आरशात ट्रक की हत्ती हे वाचलं आणि हातातला चष्मा तसाच खाली ठेवला. अरे शहाण्या, हीच थरथर या गाडीला आधीही होती! कशावरून तरी गेली तेव्हा खालून खडखडाट झाला आणि दुसऱ्या दिवसापासून साठाला हेच सोंग. दोन गॅरेजवाल्यांनी हात टेकले. तुला दाखवू या म्हटलं तर तुझे भाऊजी म्हणाले, नको, तो अख्खी गाडी उघडेल आणि वर मलाच चार शब्द ऐकवेल. माणूस ओळखून होते.

मग एका सकाळी त्यांनी गाडी स्टँडवर चढवली आणि मला स्टिअरिंगवर बसवलं. पाठीमागच्या भिंतीवर दुकानातला तो उलट्या अक्षरांचा तक्ता टांगला, आपण खोली लहान म्हणून आरशातून वाचायला लावतो तोच. मी काटा साठावर न्यायचा आणि गाडीच्या आरशात बघून कितवी ओळ वाचता येते ते सांगायचं. पहिल्यांदा वरचं मोठं अक्षरही दिसेना, नुसता धूर. मग मी इंजिन बंद करायचं, चाकं थांबली की त्यांनी खाली शिरून क्लिपांचे स्क्रू बोटभर सरकवायचे, बाहेर येऊन पुन्हा मला विचारायचं: आता बरं, की आधीचं बरं? गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर भिंगं बदलत विचारतात ना, तस्सं. दुपारपर्यंत मी दुसरी ओळ वाचली, मग चौथी. जेवणं राहिली. शेवटची ओळ वाचली तेव्हा ते थेट माझ्या खिडकीशी आले ते सांगत, की बाई, आता गाडीला नंबर लागला.

तू घासून सपाट केलेला तो डाग कसला होता, ते आता तूच बघ. मी आपली दांडा म्हणणारी बाई.

रविवारी सकाळी तक्ता घेऊन येते. लेकीला सांगितलंय, गिऱ्हाइकाला संध्याकाळपर्यंत थांबव.

लोभ आहे. क्लिपा शोध.

ताई

२७ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या डागाच्या जागी कंपनीने वजनाची पट्टी वेल्ड केलेली असणार. कधीतरी ती निसटली आणि शाफ्ट एका बाजूला हलका झाला. भाऊजींच्या क्लिपांचे स्क्रू आपल्या वजनाने त्या पट्टीचं काम करत होते. मी सांधे तपासले, सुया तपासल्या, सरळपणा तपासला. तोल तपासायला विसरलो. तुला लिहिलंय खरं, पण बायकोला सांगू नकोस.

एक क्लिप भंगाराच्या डब्यात तळाशी सापडली. दुसरी बायकोने वॉशिंग मशीनच्या नळीला लावली होती. बाजारात तशाच मिळतात हे मला कळतं, पण मला तीच हवी होती. काढली. स्वयंपाकघरात तळं साचलं. मांजर टेबलावर, मी फडका घेऊन जमिनीवर, आणि ती दारात उभी राहून विचारते की आता बरं, की आधीचं बरं? तू तिला फोन केलास हे उघड आहे.

रविवारी ये. उशीर करू नकोस. लोभ क्लिपेसारखा घट्ट आवळलेला असावा.

धाकटा

१ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. लेक दोन मिनिटं फुगून बसली, मग म्हणाली की मलाही एकदा टेकडीवर ने. गुरुवारी नेणार आहे. दोरावाल्या आजोबांची नवी काडी पेटीत भरून ठेवली.

काल खालून बाहेर आल्यावर तू मला तो प्रश्न विचारायला तयारच नव्हतास. किती ओळी ते सांग, बाकी मी बघतो, असा तुझा हेका. पण तिसऱ्या खेपेला तुझ्या तोंडून आपसूक निघालं, आता बरं, की आधीचं बरं? तेव्हा मी उत्तर द्यायला जरा वेळ लावला, तो काही अक्षरं दिसत नव्हती म्हणून नाही.

एक सांगायचं राहिलं. तुझ्या गॅरेजसमोरच्या सरळ रस्त्यावर मी मुद्दाम साठ गाठले. आरसा इतका गप्प होता की मागचं सगळं वाचता येत होतं. तू फाटकात उभा होतास, आणि ग्रीसच्या फडक्याने डोळे पुसत होतास.

कचरा गेला म्हणशील. तर दुकानात ये, बघून देते. येताना हात धुऊन ये.

लोभ आहे, शेवटच्या ओळीपर्यंत.

तुझी,
ताई