थंडीच्या लाटेनंतरचे पाच मासे

गुरुवार, १९ मार्च

उकडतंय! मार्च महिन्यात! दारं-खिडक्या सताड उघडून भांडी घासली. आणि रेडिओवाला काय मजेत सांगतोय — उद्या दुपारी वादळ, मागोमाग उत्तरेकडून थंडीची लाट, शनिवारी आकाश अगदी निरभ्र! ज्याने जन्मात बास मासा पकडलेला नाही तोच असं आनंदाने सांगू शकतो. थंडीची लाट येऊन गेली की बास कुठेतरी बुडालेल्या लाकडाला चिकटून बसतो, दातखीळ बसल्यासारखा. नाकासमोर आमिष नाचवा, ढुंकून बघत नाही.

आणि शनिवारीच मासेमारी क्लबची स्पर्धा. मैत्रीण वायनेलची आणि माझी नाव लागोपाठ दोनदा रिकामी परतली आहे. तिसऱ्यांदा रिकामी आली की क्लबातली जागा गेली, नियमच आहे. स्पर्धेला गेलंच नाही तरी नाव रिकामीच धरतात. हार्लनची जागा ती. माझा नवरा त्या क्लबात म्हातारा झाला. तो गेल्यावर मी म्हटलं, जागा मी चालवणार. तेव्हा कोणाची ‘नको’ म्हणायची छाती झाली नाही, कारण कबरीवरची माती ओली होती. आता सुकलीय. अध्यक्ष रॉइसचा जावई नवीकोरी नाव घेऊन रांगेत पहिला उभा आहे.

राहू दे उभा. पाय दुखतील त्याचेच.

शुक्रवार, २० मार्च

दुपारी वारा फिरला. अंगणातली खुर्ची उडून शेजाऱ्याच्या कुंपणात. वायनेलचा फोन — ‘जायचंच का गं उद्या?’ जायचंच!

शनिवार, २१ मार्च

बोटं अजून नीट वळत नाहीत, पण आजचं आजच लिहिणार.

सकाळी धक्क्यावर गवतावर पांढरं दव गोठलेलं. सगळ्या नावा पाण्यात, पुरुषांच्या तोंडातून वाफा. रॉइसने टोपी काढून प्रार्थना म्हटली — हे प्रभू, सगळ्यांना सुखरूप परत आण — आणि ‘सगळ्यांना’ म्हणताना एक डोळा उघडून आमच्याकडे पाहिलं! प्रार्थना संपल्यावर आलाच.

‘मेव्हिसबाई, आज घरी बसला असतात तरी कोणी नावं ठेवली नसती हो.’

‘जागा गेली असती, रॉइस.’

‘ते आपलं... नियमच आहे तो.’

‘म्हणून तर आलेय.’

वायनेल मागच्या खुर्चीत गप्प. एरवी हिचं तोंड बंद ठेवायचं म्हणजे उकडलेल्या शेंगांची पिशवी हातात द्यावी लागते. शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी उभा जन्म एकत्र काढला — ती पोळपाटावर बिस्किटं कापायची, मी ग्रेव्ही ढवळायची. हार्लन गेला त्या हिवाळ्यात मी पलंगावरून उठत नव्हते, तेव्हा हिनेच मला ओढून काढलं, हार्लनचा कोट अंगावर चढवला आणि नावेत नेऊन बसवलं. पोहता येत नाही हिला! पाण्याची भीती! तरी माझ्या मागे बसते.

आकाश निळंभोर, डोळ्यांत खुपेल असं. वारा कापत होता. सकाळभर हार्लनच्या सगळ्या जागा पालथ्या घातल्या — धक्क्यांचे खांब, बुडालेली झाडं, लव्हाळ्याची कड. छोटं आमिष, हळू, आणखी हळू. काही नाही. एक टिचकीसुद्धा नाही. आजूबाजूच्या नावांत शिव्या चाललेल्या स्पष्ट ऐकू येत होत्या. तेवढंच बरं वाटलं.

दुपारी वायनेलच्या भावाच्या धक्क्याला नाव बांधली आणि मी वर त्याच्या घरी गेले. पुरुषांचं बरं असतं, नावेच्या कडेला उभं राहिलं की झालं. आम्हाला दोन-तीन विजारी उतरवायला कोणाचं तरी घर गाठावं लागतं! आरशात स्वतःला पाहिलं. नाक लाल, ओठ निळे, म्हातारी. खरं लिहिते — तिथेच ठरवलं, आता पुरे. खाली जायचं, वायनेलला सांगायचं, घरी जायचं. घ्या म्हणावं ती जागा.

उतरते तोच हिची हाक! ‘मेव्हिस! अगं ये लवकर!’ पाहते तर बाई धक्क्यावर उभी, कोपरापर्यंत बाह्या भिजलेल्या, आणि दोन्ही हातांत — अगं बाई! साडेसहा पौंडांचा! तोंडात मूठ जाईल एवढा जबडा! आणि ही रडतेय.

‘रडतेस काय वेडे?’

‘थंडीनं,’ म्हणाली.

तिची झुंज मला बघायला मिळाली नाही, ही एकच चुटपुट. मासा नावेतल्या टाकीत सोडला, पाणी खेळतं केलं आणि माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. पुलाखालच्या दगडांवर सकाळपासून ऊन तापत होतं, वाराही तिथे अडतो. म्हटलं, मी मासा असते तर ऊब शोधत तिथेच गेले असते. रबरी गांडूळ टाकलं. ओढलंच नाही. नुसतं दगडांत पडू दिलं आणि मनात एक अख्खं भजन म्हणून संपवलं. दोरी किंचित जड झाली. बस्स, तेवढंच! ओढली — आला! असे चार! चारही वेळा जाळी वायनेलनेच लावली. पाच झाले. पाचच्या वर नेता येत नाहीत.

वजनकाट्यापाशी निम्म्याहून जास्त नावा रिकाम्या. रॉइस सगळ्यांत पुढे — साडेसात पौंड, आणि चेहरा असा की जसा काही देवमासा आणलाय. मग आमची पिशवी. काटा साडेपंधरावर थांबला. दुप्पट! दुपटीच्याही वर!

टाळ्या वाजल्या, पण उशिरा. आधी मागून कोणीतरी म्हणालं, ‘अशा दिवशी? या दोघी?’

हो. या दोघी.

रविवार, २२ मार्च

चर्चमध्ये कॉफीच्या किटलीपाशी डोकी एकत्र आली होती. मी गेले तशी पांगली. रॉइसची बायको गोड हसून म्हणाली, ‘नशीबच म्हणायचं गं तुमचं!’ हार्लन जिंकायचा तेव्हा हीच बाई ‘काय कसब आहे हो!’ म्हणायची.

वायनेल आली नाही. सर्दी झालीय म्हणे.

सोमवार, २३ मार्च

रॉइस आला. हातात बायकोने भाजलेली अक्रोडाची गोड पाई, टोपी मांडीवर, खुर्चीच्या कडेवर टेकलेला. मला वाटलं, अभिनंदन करायला आलाय. मूर्ख मी!

‘लोक बोलताहेत, मेव्हिसबाई. मी त्यांना म्हटलं, सोडून द्या रे. लेखी तक्रार काही कोणी केलेली नाही.’

लेखी तक्रार आली की जिंकणाऱ्याला खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसावं लागतं. आमच्याकडच्या सगळ्या क्लबांत हे आहे. हार्लन दोनदा बसला होता. दोन्ही वेळा हसत बाहेर आला आणि मंडळी बाहेर बिअर घेऊन तयार.

‘तक्रार नाही म्हणजे कोणात हिंमत नाही,’ मी म्हटलं.

‘तुमच्या भल्याचंच सांगतोय. विषय मिटेल आपोआप. महिन्याभरात कोणी आठवणार नाही.’

म्हणजे काय, तर आम्ही चोर, पण म्हाताऱ्या बायका म्हणून माफ! ती पाई तोंडावर फेकून मारणार होते.

‘तक्रार मी करते.’

‘कोणाविरुद्ध?’

‘माझ्याविरुद्ध! आणि वायनेलविरुद्ध. दोघींना बसवा त्या यंत्रासमोर.’

‘मेव्हिसबाई, अहो ऐका —’

‘कर नाही त्याला डर कशाला?’ तिथल्या तिथे कागद घेतला, दोन ओळी खरडल्या, सही ठोकली, त्याच्या खिशात कोंबला. 

पाई उत्तम होती. अर्धी मी एकटीने खाल्ली.

मंगळवार, २४ मार्च

वायनेल केवढी भडकली! ‘हात दाखवून अवलक्षण! तो मिटवायला आला होता ना? मग मिटवायचं!’

‘मिटवायचं? चोरी केली नसताना?’

‘मला विचारायचं तरी आधी!’

‘यात विचारायचं काय गं?’

तिने नाक ओढलं. मग म्हणे, ‘मला यंत्रांची भीती वाटते.’ म्हटलं, तुला शाळेतल्या बटाटे सोलायच्या यंत्राचीही वाटायची, नंतर तूच त्याच्याशी गप्पा मारायचीस. हसली नाही. फोन ठेवला. तिला डॉक्टरने मनगट धरलं तरी धडधडतं. बसली की कळेल, काही नसतं ते.

बुधवार, २५ मार्च

निळा शर्ट इस्त्री केला. हार्लनची टोपी घालू का? घालणार!

गुरुवार, २६ मार्च

अग्निशामक ठाण्याच्या मागच्या खोलीत. बाहेर अर्धा क्लब आपापल्या पिकअपला टेकून उभा — म्हणे सहज आलो होतो! वायनेल बाकावर, मांडीवर पर्स, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. तिच्या खांद्यावर थाप मारली आणि आत गेले.

यंत्रवाला पोलिसातून निवृत्त झालेला, पेपरमिंट चघळत होता. छातीला पट्टा, दंडाला पट्टा, बोटांना वायरी. हार्लनची टोपी काढायला लावली, तेवढं आवडलं नाही.

स्पर्धेच्या दिवसाआधी पकडलेला मासा काट्यावर ठेवलात का? — नाही. माशाच्या पोटात वजन घातलंत का? — नाही! तुम्हाला माहीत आहे त्याप्रमाणे पाचही मासे त्याच दिवशी, गळानेच पकडले? — हो! हो! हो!

‘एकदाच सांगा, बाई,’ म्हणाला. शेवटी कागद गुंडाळत पुटपुटला, ‘इतकी वर्षं हे करतोय, एवढं स्वच्छ उत्तर क्वचितच मिळतं.’

बाहेर आले. टोपी घातली. ‘झालं समाधान?’

 मग रॉइस पुढे आला, टोपी काढली आणि हात पुढे केला. ‘चुकलंच आमचं, मेव्हिसबाई. हार्लन असता तर —’

‘हार्लन नाहीये. मी आहे.’

‘हो. तुम्ही आहात. जागा तुमचीच आहे.’

इतकं बरं वाटलं की रडू आलं. सगळ्यांसमोर! हार्लन गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मला ‘हार्लनची बायको’ म्हणून पाहिलं नाही. हे मी किती दिवसांपासून मागत होते ते मलाच आज कळलं.

वळले तर बाक रिकामा. वायनेलची गाडी नव्हती. ‘पोटात दुखतंय म्हणाली,’ रॉइस म्हणाला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. माझं डोकं फिरलं.

‘हसू नका! तिला मी ओळखते, तुम्ही नाही! उद्या स्वतः घेऊन येते तिला, याच खुर्चीत बसवते. आणि मग तिचीही माफी मागायची, एकेकाने, टोप्या काढून!’

यंत्रवाला म्हणाला, उद्या संध्याकाळी येतो. ये म्हणावं!

शुक्रवार, २७ मार्च

मी तिला आणायला निघणार तेवढ्यात तीच आली. स्वयंपाकघरात बसली. कोट काढला नाही. तो मोठा मासा तिने स्पर्धेआधीच्या गुरुवारीच, थंडी यायच्या आधी, भावाकडून पकडवून त्याच्या धक्क्याखाली तारेच्या पिंजऱ्यात ठेवला होता. ‘एकच टाकणार होते गं. नाव रिकामी जाऊ नये म्हणून. ती जागा गेली असती तर तू परत त्या पलंगावर पडली असतीस. मी पाहिलंय तुला तशी. पुन्हा नाही बघवलं असतं.’

मी उठले. मग तिच्यासमोरच रॉइसला फोन लावला. नियम मोडलाय, जागा तुझ्या जावयाला दे.

‘दोघींपैकी कोणी?’

‘नाव एक होती. दोघींनी.’

ती गेल्यावर हिशेब केला. रॉइसचे साडेसात पौंड. पुलाखालचे माझे चार, नुसते चार — नऊ पौंड. आम्ही तशाही पहिल्या होतो.

हे वायनेलला मी कधीही कळू देणार नाही.