गाडी पवनच्या हाती लागू नये म्हणून

मेथीच्या जुड्या बांधून मी ओल्या पोत्याखाली ठेवत होते. शेण काढून झालं होतं, चुलीवर पाणी तापत होतं आणि पालकाचा शेवटचा वाफा कापायचा राहिला होता. नथ्थूजी विहिरीच्या काठावर बसून पायाचा चिखल धूत होते. तिथूनच म्हणाले, "गोजरा, छातीत दाटून राह्यलं वं."

मृत्युपत्र असं सुरू करत नाहीत हे मला माहीत आहे. कसं करतात तेही माहीत आहे, ते आता करते.

लिहून ठेवणार मी, गोजराबाई नथ्थूजी मापारी, वय त्रेसष्ट, धंदा शेती व भाजीपाला, राहणार जऊळका, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, चष्म्याने नजर साफ आहे, आणि हे लिहायला मला कोणी भरीस पाडलेलं नाही. उलट दोघांनी लिहू नको म्हणून सांगितलं. मी शाळेत गेले नाही. अक्षरं बियाण्याच्या पाकिटांवरून लावायला शिकले, मग वर्तमानपत्र, मग वाचनालयातली पुस्तकं. गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तकही मी सगळं वाचलं आहे. म्हणून पुढे गाडीबद्दल जे लिहिलं आहे ते बाईमाणसाचं म्हणून सोडून देऊ नये. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम एक. राहतं घर मुलगा गोपाल आणि मुलगी रुचिका यांना निम्मं निम्मं. ओसरीकडची बाजू रुचिकाची. ती सासरी असते हे कारण गोपालने काढू नये. सासरहून येऊन माझ्या गुडघ्यांना तेल ती लावते, शेजारच्या खोलीतून येऊन तो लावत नाही. माझे दीर पुंजाजी यांनी भिंत नवी बांधताना माझ्या न्हाणीची जागा वीतभर आत घेतली आहे. मी भांडून थकले. वारसांनी थकू नये.

कलम दोन. मळा आणि विहीर दोघांत समान. विहिरीवर मोटर आहे, तिच्या पाटीवर पाच एचपी असं लिहिलेलं आहे. नथ्थूजींनी ती पाटी कधी वाचली नाही. पाइपाच्या तोंडाशी पाण्याची धार केवढी जाड पडते ते पाहून ते मोटर बरी की वाईट ते सांगत. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या घरातलं भांडण याच गोष्टीवरून आहे.

कलम तीन. बँकेत जे असेल त्यातून माझं क्रियाकर्म करावं, उरलेलं रुचिकाला. पुस्तकं वाचनालयाला. नथ्थूजींची पान्यांची पेटी गोपालला, पण ती कोणाच्या गॅरेजात नेऊन ठेवायची नाही. माझ्या तेरवीला पुतण्या पवनला वाढायला उभं करू नये. जेवायला बसला तर वाढावं.

कलम चार. पिकअप गाडी, डिझेलवर चालणारी, पांढरी. ती माझ्या नावावर आहे, कारण माझं डोरलं मोडून घेतली. घेतली ती भाजीसाठी, जऊळक्याहून मालेगावच्या बाजारात न्यायला.

पवन हा पुंजाजींचा मुलगा. मालेगावात त्याचं गॅरेज आहे. तो डिझेल गाड्यांची ताकद वाढवून देतो. पंपातून डिझेल जास्त सोडायचं, इंजिनात जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवायचा, शर्यतीतला कडक क्लच घालायचा आणि धुराची नळी केबिनच्या मागे उभी करायची. मग गाडी काळा धूर सोडत निघाली की रस्त्यावरची पोरं मोबाइल काढतात. गोपालने सर्व्हिसिंगला नेतो म्हणून गाडी त्याच्याकडे नेली आणि हे सगळं करून आणली. मला विचारलं नाही, बापाला विचारलं नाही. मग दोघे ती एका मोठ्या शहरात घेऊन गेले. तिथे गाडी रोलरवर चढवून पूर्ण रेस देतात आणि किती एचपी निघाले ते छापून देतात. आकडा आधीच्या दीडपट निघाला. पवनने त्या कागदाची फ्रेम केली आणि आमच्या शेडमध्ये खिळ्याला लावली. देवाच्या फोटोला आमच्याकडे एवढी चांगली फ्रेम नाही.

पहिल्याच बाजाराला मेथीवर काजळी बसली. धुराची नळी बरोबर भाजीच्या डोक्यावर उभी केली होती, आणि भाजीच्या घरात जन्मलेल्या या दोघांच्या ते ध्यानात आलं नाही. आमचं रोजचं गिऱ्हाईक बेबीबाई जुडी उलटून पाहून म्हणाली, "गोजराबाई, मेथी आनली का कोयसा?" सगळ्या बाजाराने ऐकलं. त्या दिवशी आम्ही मेथी गुरांना घातली.

संध्याकाळी शेडमध्ये वाद झाला आणि नंतर होतच राहिला. नथ्थूजींचं म्हणणं साधं होतं. रोलरवर चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. आपल्याला भाजी घेऊन जागेवर फिरायचं नाही. पवन म्हणाला, "मोठेबाबा, मशीन कोनाची नातेवाईक नाही. जे हाय ते छापते." तुम्हीच गाडी चुकीची चालवता, असंही त्याने ऐकवलं. इंजिन रेसमध्ये ठेवायचं, मग ताकद दिसते. नथ्थूजी म्हणाले, "बाजारात बाया-पोरं आडवी येतात. तिथं रेस ठेवू का? पटाची जोडी पयते चांगली. पन तू तिले डवऱ्याले जुंपशीन का?"

आमच्याकडे शंकरपटात पळणारे बैल घरच्या कामाला लावत नाहीत, हे पवनलाही ठाऊक आहे. तो म्हणाला की जमाना बदलला. यावर बोलण्यासारखं काही राहत नाही, म्हणूनच तो ते म्हणतो.

मी खोटं लिहिणार नाही. वाशिमच्या सरळ रस्त्यावर रिकामी गाडी उडत होती. नथ्थूजींनीही ते कबूल केलं होतं. पण तो आकडा इंजिन जोरात फिरतं तेव्हाचा आहे. भरलेली गाडी हळू चालवताना, थांबवताना, परत उचलताना इंजिन एवढं फिरतच नाही. तिथे मोठा टर्बो झोपलेला असतो आणि गाडी नुसता धूर ओकते. हे मी वाचून सांगते आणि त्या गाडीत बसूनही सांगते.

जुनं सामान परत बसवून दे, असं नथ्थूजींनी पवनला बजावलं. तो पुढच्या आठवड्यात करतो म्हणाला. दर आठवड्याला तेच म्हणाला. त्याला गाडी आणखी एकदा रोलरवर नेऊन याहून मोठा आकडा काढायचा होता, हे मला नंतर गोपालकडून कळलं.

मग विहिरीच्या काठावरची ती सकाळ आली. रुग्णवाहिकेची वाट पाहण्यापेक्षा दारातली गाडीच काढली. गोपाल चालवायला, मध्ये नथ्थूजी, त्यांना धरून मी. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी गेली, फाटक उघडलं, पुढे सोयाबीनची ट्रॉली चढावर सरकत सरकत निघाली. तिच्यामागे तसंच सरकत जायचं होतं. त्या क्लचला अर्धं सोडलेलं चालत नाही. तो धरतो तर एकदम धरतो. गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. क्लच जळल्याचा वास केबिनमध्ये भरला. नथ्थूजींचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. ते म्हणाले, "क्लच हयू सोड बाबू, हयू." त्यानंतर ते काही बोलले नाहीत. लोकांनी उचलून त्यांना दुसऱ्या जीपमध्ये ठेवलं. मालेगाव यायच्या आधी ते गेले.

चांगल्या गाडीने ते वाचले असते असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही तसं सांगितलं नाही. चांगली गाडी तो चढ चढली असती, एवढंच मी म्हणते.

राख सावडायच्या दिवशी पवन मला समजवायला आला. म्हणाला, "मोठीमाय, गाडीत फॉल्ट नोयता. गोपालले ते गाडी चालवताच येत नाही." गोपाल हातात मडकं घेऊन तिथेच उभा होता.

गाडी बंद पडली म्हणून गोपालवर माझा राग नाही. बाप शेजारी जात असताना कोणाचाही पाय कापला असता. राग याचा आहे की ते ऐकून घेतल्यावरही, वर्षश्राद्धाच्या आधीच, तो पुन्हा पवनच्या गॅरेजात जाऊन बसायला लागला. गाडी शेडमध्ये तशीच उभी होती. शेवटी मी स्वतः पवनच्या दारात जाऊन बसले आणि जुना टर्बो, जुना क्लच घेऊनच उठले. वाशिमच्या मिस्त्रीकडून ते बसवून घेतले, पंप पहिल्यासारखा लावून घेतला, ती नळी काढून टाकली. आता गाडी भाजीची झाली आहे.

तरी ती गोपालला मिळावी, कारण तो माझा मुलगा आहे आणि मळा करायला त्याला गाडी लागेल. अट अशी. पंप, टर्बो, क्लच यांना पवनचा हात लागू नये. दर पोळ्याच्या आधी गाडी भाजीने पूर्ण भरून फाटकाच्या चढावर मध्येच थांबवावी आणि रेस न वाढवता उचलून दाखवावी. मागे पांढरा सदरा घातलेला माणूस उभा करावा, त्याचा सदरा पांढराच राहिला पाहिजे. अट मोडली तर गाडी रुचिकाची.

कलम पाच. फ्रेम केलेला कागद पवनला द्यावा. माझ्याकडून त्याला एवढंच.

ही पाच कलमं लिहून झाल्यावर मी गोपालला बोलावून वाचून दाखवली. पवनही बरोबर आला, त्याला कोणी बोलावलं नव्हतं. गोपालने चौथं कलम पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "माय, तू नसल्यावर हे कोन पाहीन?" रागाने नाही म्हणाला. खरोखर विचारत होता. पवन म्हणाला, "मोठीमाय येईन ना सरगातून, फाटकावर उभी राह्याले. पांढरं लुगडं नेसून." आणि गोपाल हसला.

मी त्याला पुन्हा काही वाचून दाखवलं नाही. मेलेल्या बाईची अट पाळायला जिवंत माणसाला लाज वाटावी लागते, आणि ते हसू पाहिल्यावर मला त्याचा भरवसा राहिला नाही. चौथं कलम मी खोडलेलं नाही, मागच्यांना वाचता यावं म्हणून तसंच ठेवलं आहे. पण ते आता लागू नाही. गाडीचे जे पैसे आले ते तिसऱ्या कलमाप्रमाणे जावेत.

दुसऱ्या दिवशी मी आसेगावच्या अमरसिंग राठोड यांना बोलावलं. ते वांगी आणि टमाटे पिकवतात. त्यांनी गाडीत पोती भरून ती आमच्या गल्लीत हळूहळू पुढे-मागे फिरवून पाहिली, क्लच दाबून सोडून पाहिला. किती एचपीची आहे हे विचारलं नाही. मी विक्रीच्या कागदांवर सही केली आणि दोन्ही किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या.

लिहून ठेवणार: गोजराबाई नथ्थूजी मापारी (सही, अंगठा नव्हे)

आमच्यासमोर सही झाली, सही करणारी शुद्धीवर होती आणि घाईत नव्हती:

१. धम्मदीपा रामचंद्र खिल्लारे, अंगणवाडी सेविका, जऊळका
२. कमलीबाई शेषराव गोटे, शेती, जऊळका
(दोघींना या कागदातून काही मिळणार नाही. साक्षीदाराला देऊ नये असं मी वाचलं आहे.)

ठिकाण: जऊळका, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५