कोपरा फाटलेलं पाकीट

ओडेन्स, डेन्मार्क
१२ नोव्हेंबर १९७२

तीर्थरूप दादा,

सोनईकडं तोंड करून तुमच्या अन् आईच्या पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे. दूधशाळेत टिकायचं तर डॅनिश यायला हवी. तिची परीक्षा परवा झाली. आपल्यात तो, ती, ते. इथं नामांचे दोनच गट. बाई, बुवा, गाय 'एन'मध्ये; घर, पोर, पत्र 'एट'मध्ये. का, ते विचारायचं नाही. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, शब्दासोबतच त्याचं एन किंवा एट पाठ करा, मागून चिकटवू नका.

परीक्षेच्या सकाळी तुमचं पाकीट आलं, कोपरा फाटलेलं. कुणी गेलं की आपण असंच धाडतो. उघडायचा धीर होईना. तसंच खिशात घालून परीक्षेला बसलो. 'आई'पुढं एन लिहिताना दुसऱ्या हातानं खिसा चाचपला. तरी पास झालो, काळजी करू नका.

घरी आल्यावर घरमालकीण हसत म्हणाली, "तिकिटं जमवते, कोपरा मीच फाडला." लई राग आला, पण तिला काय ठाऊक!

मग पत्र उघडलं. बैलांना दुष्काळी छावणीत चारा मिळतो, मनकर्णाताईला मुलगी झाली, सगळं वाचून जीव भांड्यात पडला. मग खाली पाहिलं. दर पत्राखाली आई शाईचा अंगठा उठवते. ह्या वेळी तो नाही.

दादा, पाकिटाचा कोपरा कसाही असू दे. खरं काय ते लिहा.

तुमचा धाकटा,
सहादेव