जरा टेकू या

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज बादलीवर बसताना पकडली गेले. जिन्याखालची निळी बादली, पालथी. गिऱ्हाईक नव्हतं, दुपारचे अडीच वाजले होते, फार तर चार मिनिटं टेकले असेन. तेवढ्यात टाचणी हजर. आमच्या सुपरवायझर बाई अंगानेही टाचणी आणि बोलायलाही टाचणी. "बसायचं होतं तर घरी बसायचं." एवढंच म्हणाल्या आणि जाऊन स्वतःच्या खुर्चीत बसल्या! अख्ख्या दुकानात ती एकच खुर्ची. आम्ही बाकीच्या सात जणी सकाळी दहा ते रात्री आठ उभ्या. मालकांचं म्हणणं, बसलेल्या माणसाकडून कापड कुणी घेत नाही.

घरी आले आणि टबात गरम पाणी, मीठ घालून पाय सोडले. नवरा बस चालवतो. तो दिवसभर बसून वैतागलेला, मी उभी राहून. तो भिंतीला पाठ लावून उभा, मी खाली, असा आमचा संसार. म्हणाला, "तुझं काम मला दे, माझं तुला घे." मला गाडी येत नाही, नाहीतर घेतलंच असतं.

त्या रागातच फोनवर एक ग्रुप काढला. नाव दिलं 'जरा टेकू या'. माझं नाव लावलं नाही, नुसतं 'बादली'. नियम एकच – आज लपून कशावर बसलात त्याचा फोटो टाका. चेहरा नको, दुकानाचं नाव नको.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सभासद दोन. मी आणि नवरा. मी निळ्या बादलीचा फोटो टाकला. त्याने बसच्या सीटचा फोटो टाकला. काढून टाकला त्याला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चौऱ्याऐंशी! मला वाटलं होतं दहा-बारा येतील. रंगाचा डबा, खोके, पडद्याच्या कापडाचा गुंडाळा, जिन्याची तिसरी पायरी. एका औषधाच्या दुकानातलीने वजनकाट्याचा फोटो टाकला – बसलं की वजनही कळतं म्हणे. आणि एक जण गाद्यांच्या दुकानातला. लिहितो, "चाळीस गाद्या आहेत आणि मध्ये मी उभा." त्याच्यावर सगळ्यांनी इतकी माया केली की तो बिचारा लाजून दोन दिवस गप्प.

एक शहाणा घुसला होता. "बसायचा पगार देतात काय?" मी विचारलं, तुम्ही हे उभ्याने लिहिलंत का? पुन्हा आला नाही.

आज मावशींना काउंटरवर हात टेकून डोळे मिटलेले पाहिलं. टॉवेल-चादरींचा काउंटर त्यांचा, बावीस वर्षं. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्यात. डॉक्टर म्हणाले, आता बसा, नाहीतर शस्त्रक्रिया. मावशी त्यांना म्हणाल्या, "तुम्हीच सांगा आमच्या मालकांना." मला ग्रुपचं त्यांना सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. पोटात काही राहत नाही अशी माझी ख्याती, पण या वेळी राहिलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चळवळ म्हणजे काय ते आज कळलं. सगळ्या दुकानदारांना द्यायचं निवेदन ठरत होतं – प्रत्येक काउंटरमागे एक स्टूल. एवढी साधी गोष्ट. तर एकीचं म्हणणं, स्टूल नको, पाठ असलेली खुर्ची हवी. दुसरी म्हणाली, आधी स्टूल तर मिळू दे. मग पाठ की बिनपाठ यावर एकशे चाळीस मेसेज! मध्येच कुणीतरी गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ'. गाद्यावाल्याने शेवटी लिहिलं, "मला जमीनही चालेल." ठरलं, स्टूल.

निवेदन मीच लिहिलं. बरं जमलंय. शाळेत निबंधाला कधी इतके गुण मिळाले नव्हते, इथे तीनशे अंगठे मिळाले.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ग्रुपमधल्या चपलांच्या दुकानातलीला नोकरीवरून काढलं. गिऱ्हाईक जोडे घालून बघायला बसतं ना, त्या स्टुलावर ती बसली होती. पायात गोळा आला होता तिच्या. सहा वर्षं दुसऱ्यांच्या पायांपाशी वाकली आणि सहा मिनिटं बसली म्हणून घरी.

दिवसभर कशात लक्ष नव्हतं. अडीच मीटरच्या जागी दोन मीटर कापलं. टाचणीने सगळ्यांदेखत झाडलं. मला राग तिचा आला नाही, माझाच आला. हा खेळ मी सुरू केला आणि नोकरी गेली तिची.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

ठरलं. येत्या शनिवारी, चार वाजता, दहा मिनिटं, जो जिथे असेल तिथे बसेल. गिऱ्हाईकासमोर, मालकासमोर, उघड. मागणी दोनच – चपलावालीला परत घ्या आणि काउंटरमागे स्टूल ठेवा.

आवाहन मी लिहिलं. "घाबरू नका. बूड टेकवायला शौर्य लागत नाही." शेवटचं वाक्य सगळ्यांना फारच आवडलं, जो तो तेच पुढे पाठवतोय. सभासद सहाशेच्या वर. आमच्या दुकानातलं कोण आहे त्यात, देव जाणे. सगळेच टोपणनावाने.

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आणि तुला काढलं तर?" मी म्हटलं, मग मी बसेन घरी, तू उभा राहा. हसलो दोघं. पण तो प्रश्न गेला नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

एसी गळतोय. टाचणीने माझी निळी बादली नेऊन त्याच्याखाली लावली. म्हणजे आता माझं आसनही गेलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

लिहायला हात उचलत नाही. पण इथे नाही लिहिलं तर कुठे लिहिणार?

चारला पाच कमी असताना मालक वरच्या ऑफिसातून खाली आले. गर्दी होती. घड्याळात चार वाजले आणि मावशी चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या. शांतपणे, घरच्यासारख्या. मग पडदेवाली. मग शर्टिंगच्या दोघी एकाच खोक्यावर. एकेक करून सगळ्या! म्हणजे सगळ्याच ग्रुपमध्ये होत्या आणि एकीनेही दुसरीला सांगितलं नव्हतं.

टाचणी खुर्चीतून उठली. आता ओरडणार. तर ती आली आणि मावशींच्या शेजारी सरळ फरशीवर बसली. म्हणाली, "खुर्ची मिळून दोनच वर्षं झाली. त्याआधी पंधरा मीही उभीच होते."

आणि मी? मालक माझ्याच काउंटरसमोर होते. माझ्याकडे बघत होते. गुडघे वाकेनात. हातात मीटरपट्टी धरून मी दहा मिनिटं उभी राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. बूड टेकवायला शौर्य लागत नाही म्हणे.

रविवार, २३ फेब्रुवारी

ग्रुपवर चारशे फोटो. गाद्यावाला गादीवर आडवाच झालाय. चपलावालीला परत बोलावलं, ही बातमी सकाळी आली आणि मी स्वयंपाकघरात एकटीच रडले. आनंदानेच, बरंचसं.

मग सगळे मागे लागले – "बादली, तुझा फोटो?" मी बादलीचा जुना फोटो टाकला. टाकला आणि तोंड धुतलं.

दहा मिनिटांत मावशींचा फोन. "बाई गं, ती बादली काल एसीखाली होती. पाण्याने काठोकाठ." मग म्हणाल्या, "पहिल्या फोटोपासून ओळखलंय तुला. त्या बादलीची कडी मीच सुतळीने बांधलीय." मी म्हटलं, मावशी, मी घाबरले हो. त्या म्हणाल्या, "मग काय झालं? तू लिहिलंस म्हणून आम्ही बसलो. माझे पाय काल पहिल्यांदा ठणकले नाहीत. उद्या ये."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मालकांनी सकाळी सगळ्यांना उभं केलं. म्हणाले, दुकानाशी प्रामाणिक अशी एकच निघाली. टाचणीला टॉवेलच्या काउंटरवर पाठवलं आणि सुपरवायझर म्हणून माझं नाव घेतलं. ती खुर्ची दाखवली. "बसा."

मी खुर्ची उचलली. वाटलं होतं त्यापेक्षा जड निघाली. नेऊन मावशींच्या काउंटरमागे ठेवली आणि मालकांना सांगितलं, तो ग्रुप मी काढलाय, आवाहनही माझंच.

मावशी बसल्या. मी शेजारी उभी राहिले.