कामाचे कपडे

सूनबाई,

ही हाक मारायचा हक्क आता मला नाही, पण दुसरी सुचत नाही.

माझा मुलगा बॅटरीच्या कारखान्यातून आला की त्याचे कपडे झटकून हातानं धुवायला मीच तुला लावायचे. "आई, नाकातोंडात जातं हो," तू म्हणायचीस. "नखरे पुरेत, मशीन खराब होईल," मी म्हणायचे. दोनदा तुझा गर्भ पडला, तेव्हा "आमच्याकडे असं कुणाचं झालं नाही," हेही मीच ऐकवलं. मग तू निघून गेलीस.

गेल्या आठवड्यात कारखान्यात त्याचं रक्त तपासलं. शिसं भरपूर निघालं. डॉक्टर म्हणाले, "कपड्यांवरची धूळ घरातल्यांनाही बाधते. गर्भसुद्धा पडू शकतो." आणि मी रसायनशास्त्राची पदवीधर! जपलं ते मशीनला.

तुझं पुन्हा लग्न झालं, दिवस गेलेत, असं कळलं. शिसं हाडांत वर्षानुवर्षं राहतं आणि गरोदरपणात रक्तात उतरू शकतं. हे एकटीनं वाचून तू घाबरशील, म्हणून हे पत्र टपालानं पाठवत नाही. उद्या सकाळी ते घेऊन मीच येते. घरात घेऊ नकोस, हवं ते सुनाव, पण आधी चप्पल घाल आणि रक्त तपासायला चल.

तुझी एके काळची सासू