रिकाम्या घराचा पंचनामा

अण्णा,

आज आपल्या घराचा पंचनामा झाला. घर रिकामं आहे असं नगरपालिकेच्या माणसानं लिहिलं आणि खाली मी सही केली. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आईला जाऊन दोन. इतक्या वर्षांत तुमच्या नोकरीबद्दल तुम्हाला काही विचारावंसं मला वाटलं नव्हतं. गेले तीन महिने मात्र मी रोज मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. जन्मभर तुम्ही या गावाची घरपट्टी वसूल केलीत आणि रिकाम्या घराचा नियम घरातल्या कोणाला एकदाही नीट सांगितला नाही.

पट्टी दादा पुण्याहून भरतो. यंदा त्यानं फोनवर सांगून टाकलं की जिथं कोणी राहत नाही त्या घराची पट्टी तो भरणार नाही, घर विकू. मी भरते म्हटलं, तर म्हणाला, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. तत्त्व हा शब्द त्यानं तुमच्याकडूनच उचलला आहे, त्यामुळं पुढं बोलता येईना. मग मला आठवलं की बंद घराला पट्टीत सूट मिळते असं तुम्ही कधीतरी म्हणाला होतात. सूट मिळाली तर विकायचं नाही, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आणि मी नगरपालिकेत गेले.

पहिल्या खेपेला बाबू म्हणाला, घर रिकामं झालं तेव्हाच अर्ज द्यायला हवा होता, मागचं विसरा. दुसऱ्या खेपेला म्हणाला, लाइट बिल आणा. तिसऱ्या खेपेला बिल बघून म्हणाला, युनिट दिसतायत, म्हणजे कोणीतरी राहतंय. मी म्हटलं, झाडायला येते. झाडायला यायला हरकत नाही, राहायला नको, असं तो म्हणाला. किती वेळ थांबलं की ते राहणं होतं, असं मी विचारलं. त्यानं शेजारच्या टेबलाकडं पाहिलं. शेजारचं टेबल जेवायला गेलं होतं. आत पलंग आहे, कपाट आहे, आईचं शिलाई मशीन आहे, ते चालेल का, हेही विचारून घेतलं. तेव्हा तो वैतागला. "म्याडम, सामान ऱ्हाऊ द्या. माणूस नको. लई सोपं हाय." आणि हे दर वर्षी नव्यानं सिद्ध करायचं. घरात माणसं राहतात हे मात्र कोणालाच सिद्ध करावं लागत नाही. मी तुमचं नाव सांगितलं. त्यानं मान हलवली, ओळखलं नाही.

खरी अडचण मी त्याला सांगितली नाही. मी दर शनिवारी येते. कॉलेज सुटलं की बीडहून इकडं येणारी एसटी धरते आणि रविवारी दुपारी परत जाते. घरी सांगते, झाडायला जाते. झाडणं अर्ध्या तासात होतं. मग माठ भरते, चहा करते, पेपर तपासते, नाहीतर ओसरीवर नुसती बसते. हे दादाला सांगितलं असतं तर कदाचित सगळंच मिटलं असतं. पण तो विचारणार, कावून जातीस, कशासाठी? त्याचं उत्तर मला देता येत नाही. त्यापेक्षा घरात कोणी राहत नाही असं लिहून देणं सोपं वाटलं.

एक दिवस मला पुन्हा पुन्हा आठवतो. मी चौथीत आहे, मे महिना आहे, तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मीही पंचनाम्याला आले आहे. उमापूरकडच्या एका जमीनदाराचं गावातलं घर. दिवाळीपासून बंद आहे, आम्ही शेतावरच असतो, असं तो सांगतो. तुम्ही खोल्या बघत नाही, चूल बघत नाही. ओसरीवर बसता, टोपी काढता आणि म्हणता, "पाटील, जरा पाणी द्या. पोरगीला पण." तो आत जातो आणि दोन पेले घेऊन येतो. पाणी गार आहे, वाळ्याचा वास आहे. तुम्ही सावकाश पिता, पेला खाली ठेवता. "पाणी आजचं हाय, पाटील." तो हसतो, मग हसायचं थांबतो. परतताना मी विचारलं, त्यांनी आपल्याला पाणी दिलं आणि तुम्ही त्यांच्याविरुद्ध लिहिलं? तुम्ही सायकल थांबवलीत. खाली उतरवून मला म्हणालात, "पाणी दिलं ते त्यानं चांगलं केलं. खोटं बोलला ते मी लिव्हलं. दोन्हीची गल्लत करू नको." आणि पुढं गेल्यावर, स्वतःशीच: "न्हाई म्हणला असता तर रिकामं लिहून आलो असतो. पण पाण्याला न्हाई कोण म्हणतंय?"

आजचा माणूस तिशीतला होता. मोबाइलवर चार फोटो काढले, मीटरचा एक. शेजारच्या मावशींना विचारलं, त्यांनी माझ्याकडं बघत, कोणी राहत न्हाई, असं सांगितलं. सही झाली. ऊन चढलं होतं. दारात थांबून त्यानं कपाळ पुसलं. "म्याडम, जरा पाणी मिळंल का?"

माठ मी सकाळीच पालथा घातला होता. तुमची युक्ती त्याला माहीत असेल, या भीतीनं. त्याला ती माहीत नव्हती. त्याला तहान लागली होती. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं आणि कागद तर त्याच्या पिशवीत गेला होता. माझी बाटली आत ओट्यावर अर्धी भरलेली होती.

"नाही," मी म्हटलं. "घरात कोणी राहत नाही ना."

बरोबर आहे, म्हणाला, आणि मावशींच्या दारात उभा राहून तांब्याभर पाणी प्याला. तो गेल्यावर मावशी भिंतीपाशी आल्या.

"काय गं, माठ फुटला का तुझा?"

मी हो म्हटलं.

पत्र टाकायला तुमचा पत्ता माझ्याकडं एकच आहे, आणि तिथं कोणी राहत नाही असं मीच लिहून दिलं आहे. म्हणून हे मशीनच्या खणात ठेवते. घर राहिलं, अण्णा. माठ सरळ करून तिवईवर ठेवला आहे. तो भरायचा मला अजून धीर झालेला नाही.